'उंदरांवर सिद्ध झालंय' म्हणजे बाईवरही चालतं का? 'छाया' गोळीमागचं विज्ञान समजून घ्या

परभणी जिल्ह्यातलं बोरी असो की मुंबईतलं परळ, सरकारी दवाखान्यांतून आणि आशाताईंमार्फत दिली जाणारी 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी आता ओळखीची होतेय. तिच्यात स्टेरॉईड हॉर्मोन नाही. पण 'उंदरांवर एकाच डोसमध्ये काम झालं, मग संबंधानंतर एकच गोळी पुरे' असं कुणी सांगितलं तर? थांबा. गडबड इथेच आहे.

ही गोळी आली कुठून?

गोळीतलं औषध सेंटक्रोमन. त्याचंच दुसरं नाव ऑर्मेलॉक्सिफिन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत डॉ. नित्या आनंद यांच्या गटाने ते शोधलं. १९९१ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि ते 'सहेली' नावाने बाजारात आलं. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेच औषध 'छाया' नावाने मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या १० राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते.

उंदरांमध्ये नेमकं काय होतं?

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांमध्ये गर्भ साधारण पाचव्या दिवशी गर्भाशयाला चिकटतो. त्याच्या आदल्या दिवशी मादीच्या शरीरात इस्ट्रोजेन थोडं वाढतं. ही वाढ म्हणजे गर्भाशयाला मिळालेला 'दार उघड' असा इशारा. सेंटक्रोमन इस्ट्रोजेनची जागा अडवतं, त्यामुळे इशारा पोहोचत नाही. शिवाय गर्भ नळीतून लवकर खाली येतो आणि गर्भाशय तयार नसतं. म्हणून समागमानंतर २४ तासांत दिलेला एक डोसही पुरतो.

मग बाईमध्ये तसंच का नाही?

कारण माकड आणि माणसात गर्भ रुजायला ही जादा इस्ट्रोजेनची वाढ लागत नाही. मुख्य काम प्रोजेस्टेरॉन करतं. म्हणून उंदराचा हिशेब बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. बाईच्या शरीरात औषधाचं प्रमाण सतत टिकवावं लागतं.

टॅमॉक्सिफेनचंच बघा. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये उंदरांवर ते जोरदार गर्भनिरोधक ठरलं. बायकांमध्ये मात्र त्याने उलट बीज सुटायला मदत केली! पुढे तेच औषध स्तनाच्या कर्करोगावर नावाजलं गेलं.

लक्षात काय ठेवायचं?

- पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी. ३ महिन्यांनंतर फक्त रविवारी.
- गोळी चुकली तर आठवताच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोधही वापरा. ७ दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात.
- पाळी लांबू शकते. १५ दिवसांहून जास्त लांबली तर गर्भ तपासणी करून घ्या.
- अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पीसीओएस, कावीळ किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
- ही 'दुसऱ्या दिवशीची' गोळी नाही. ७२ तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी वेगळी असते.

उंदरांवरचा प्रयोग ही संशोधनाची पहिली पायरी. बाईने किती आणि कधी घ्यायची, हे बायकांवरच्या चाचण्यांतूनच ठरतं. पुढच्या वेळी 'उंदरांवर सिद्ध' असा फॉरवर्ड आला, तर आधी एवढंच विचारा: आणि माणसांवर?