जुनी विलायती हत्यारे मोडीत घालू नयेत

इंद्रायणीकाठचे तळवडे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतांच्या जागी कारखाने उभे राहत गेले आणि सुताराच्या पेटीतील व शेतकऱ्याच्या माळ्यावरील हत्यारांचे काम उणावले. अशा एखाद्या पेटीतून इंग्लंडमधील शेफील्ड किंवा जर्मनीतील रेमशाइड या गावांचा छाप असलेली करवत, पटाशी अथवा रंध्याचे पाते निघाले, तर ते बहुधा भंगाराच्या काट्यावर जाते. हा व्यवहार तोट्याचा आहे, हे शेतकरी बंधूंनी लक्षात घेणे अगत्याचे आहे.

काट्यावर लोखंड आणि पोलाद यांचे वजन सारखेच भरते. परंतु हत्याराची किंमत वजनात नसून धारेत असते. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन याने शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत बसविली व तेथील हत्यारांचा लौकिक वाढला. मुशीत पोलाद करण्याची विद्या दक्षिण भारतात त्याहून फार जुनी होय. जुन्या विलायती पटाशीत पुष्कळदा पाठीला नरम लोखंड व धारेपुरते पोलाद असे. आपल्याकडील लोहार कुऱ्हाडीला पोलाद चढवितो, तीच ही रीत.

तथापि विलायती आणि जुने एवढ्यावरून कोणतेही हत्यार चांगले ठरत नाही. पटाशीच्या धारेजवळ कानस फिरवून पाहावी. कानस घसरत गेली तर पोलाद शाबूत आहे. सहज खात गेली तर ते नरम पडले असे समजावे व जाणत्या लोहाराकडून त्यास पुन्हा पाणी द्यावे. तडा गेलेले हत्यार मात्र घेऊ नये. छिन्नीचे डोके फुलासारखे पसरले असल्यास ते घासून काढल्याखेरीज तीवर घाव घालू नये. कपची उडून डोळ्यास इजा होते.

गंज काढण्यासाठी दांडा किंवा मूठ वेगळी करून लोखंडी भाग रात्रभर चिंचेच्या पाण्यात अथवा शिरक्यात ठेवावा, सकाळी घासून धुवावा, पूर्ण कोरडा करून तेलाचा हात द्यावा. सहाणेच्या यांत्रिक चाकावर धार लावताना हत्यार वरचेवर पाण्यात बुडवावे. पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरले म्हणून समजावे. दांड्यास वाळलेली बाभूळ उत्तम.

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद वाईट नाही. दिनकर केळकर यांनी पुण्यात दिवे, अडकित्ते अशा नित्य वापरातील वस्तूंचा मोठा संग्रह केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनास दिला. पण संग्रहालयातील वस्तूचे काम दाखविण्याचे असते, घरातील हत्याराचे काम करण्याचे. भिंतीवर टांगलेली करवत भंगारात गेलेल्या करवतीइतकीच निरुपयोगी.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरच्या पेट्या एकदा उघडावयास लावाव्यात आणि ज्या वृद्ध सुतार-लोहारांना धार व पाणी यांची पारख आहे, त्यांच्याजवळ तरुणांना बसवावे. हत्यार गेले तर दुसरे विकत मिळेल; ही पारख बाजारात मिळणार नाही.