नवा ग्रह रचणाऱ्यांस

गेल्या वर्षीं राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानें आम्हीं नववीच्या वर्गास एक काम नेमून दिलें होतें. विज्ञानकथेंत शोभेल असा एक ग्रह प्रत्येकानें आपल्या मनानें रचावा, त्याचें वर्णन चार पानांत लिहावें, व हवें असल्यास सोबत चित्र काढावें, एवढेंच तें काम. त्यावर एका पालकांनीं शाळेंत येऊन आम्हांस विचारलें कीं, वार्षिक परीक्षा जवळ आली असतां मुलांस असल्या मनोराज्यांत गुंतविण्यांत लाभ कोणता? दुसऱ्या एका सद्गृहस्थांचा आक्षेप निराळा होता. परमेश्वरानें निर्माण केलेली सृष्टि अभ्यासावयास पुरेशी नाहीं काय, कीं आपण खोट्या सृष्टि रचीत बसावें, असें त्यांचें म्हणणें. दोन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत. परंतु त्यांचीं उत्तरें देण्यापूर्वीं आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणें आम्हांस भाग आहे.

वह्या आल्या, आणि त्या आम्हीं मोठ्या कौतुकानें चाळल्या. बहुतेक ग्रहांस तीन सूर्य होते, कांहींस पांच. आकाश जांभळें, झाडें निळीं, शहरें कांचेचीं, व रहिवाशांचीं डोकीं भोपळ्याएवढीं. एकाच्या ग्रहावर सोन्याच्या नद्या वाहत होत्या, आणि तरीहि तेथील श्रीमंत लोक सोन्याचे दागिने घालून मिरवीत होते. जेथें नदीच सोन्याची, तेथें सोन्यास कोण पुसतो, हा विचार त्या बिचाऱ्याच्या मनास शिवला नव्हता. कित्येकांनीं चित्रें संगणकाकडून काढवून आणिलीं होतीं. तीं पाहून आम्ही दिपून गेलों हें कबूल करितों, आणि पहिला क्रमांक आम्हीं तशाच एका झगमगीत वहीस दिला.

त्याच ढिगांत पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांतून येऊन वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलीची वही होती. तींत चित्र नव्हतें. ग्रहास नांवसुद्धां दिलेलें नव्हतें. पहिलें वाक्य असें कीं, या ग्रहावर जमिनींतलें सर्व पाणी खारें आहे. आम्हीं वरवर नजर फिरविली, "कल्पनाशक्ति कमी" असा शेरा मारिला, आणि वही बाजूस ठेविली.

आतां ग्रह रचणें म्हणजे काय, तें पाहूं. ग्रह हा दुकानदाराच्या खतावणीसारखा आहे. एका ठिकाणचा आंकडा बदलला कीं दुसऱ्या ठिकाणीं फरक पडलाच पाहिजे. न पडला तर हिशेब खोटा. समजा, तुम्हीं पृथ्वीच्याच घनतेचा, पण निम्म्या त्रिज्येचा ग्रह घेतला. गणित करून पाहा, त्याच्या पृष्ठभागावर वस्तूचें वजन निम्में भरेल. मुलगा दुप्पट उंच उडी मारील, हें तर झालेंच. परंतु ज्या ओढीनें मुलगा खालीं येतो, तीच ओढ हवेलाहि धरून ठेविते. ती कमी झाली कीं हवा हळूहळू अवकाशांत निसटूं लागते. हवा विरळ झाली कीं आवाज क्षीण होतो, आणि पाणी लवकर उकळतें, म्हणजे तें पुरेसें तापण्याआधींच उकळतें, आणि त्यांत तुरीची डाळ शिजत नाहीं. उंच पर्वतावर राहणाऱ्यांस हा अनुभव आहे. त्रिज्या बदलावयास निघालेला विद्यार्थी असा स्वयंपाकघरांत येऊन पोहोंचतो. मंगळाची त्रिज्या पृथ्वीच्या निम्म्याहून किंचित् अधिक आहे, पण घनता कमी असल्यामुळें तेथें वजन आपल्या शेंकडा ३८ इतकेंच भरतें. हवेचा दाब तर आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाहूनहि कमी. आणि त्याच मंगळावर ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारें २२ किलोमीटर उंच उभा आहे. एवढा डोंगर पृथ्वीवर उभा राहिला असता, तर आपल्याच भारानें खचला असता.

तीन सूर्यांस आमची ना नाहीं. पण ते दिल्यावर सावल्या किती पडतील, रात्र केव्हां होईल, हें कोणी सांगावें? अमेरिकन लेखक आयझॅक असिमॉव्ह यांनीं १९४१ सालीं एका गोष्टींत सहा सूर्यांचें जग कल्पिलें. तेथें रात्र दोन हजारांहून अधिक वर्षांनीं एकदां येते, म्हणून लोकांस अंधाराची मुळींच ओळख नाहीं, आणि ती आली तेव्हां भीतीनें त्यांचें भान सुटतें. त्या गोष्टींतले सूर्य शोभेकरितां नाहींत, तर कथेचा सारा भार त्यांवर आहे.

या विद्येंतील एक मोठे कारागीर आमच्याच धंद्यांतले होते, हें लिहितांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. हॅल क्लेमेंट या नांवानें लिहिणारे हे गृहस्थ अमेरिकेंतील एका शाळेंत विज्ञान शिकवीत. त्यांनीं १९५३ सालीं मेस्क्लिन नांवाचा ग्रह रचला. तो इतक्या वेगानें स्वतःभोवतीं फिरतो कीं त्याचा दिवस अठरा मिनिटांच्या आंतच संपतो; त्या गरगरण्यानें तो भाकरीसारखा चपटा झाला आहे. त्याच्या विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, आणि ध्रुवाकडे जावें तों शेंकडों पट. मग तेथील प्राणी कसे असावेत? उंच नसावेत, कारण पडणें म्हणजे मरणें. म्हणून क्लेमेंट यांनीं ते गोमेसारखे लांबट व जमिनीस चिकटून चालणारे केले, आणि आपण कोणत्याहि वस्तूच्या खालीं उभे आहों या नुसत्या कल्पनेनें त्यांस कांपरें भरतें असें दाखविलें. लेखक व वाचक यांच्यामधला हा एक खेळ आहे, चूक सांपडली तर वाचक जिंकला, अशी त्यांची वृत्ति होती. ध्रुवावरील वजनाचा जो आंकडा त्यांनीं प्रथम धरला होता, तो अधिक बारकाईनें गणित केल्यावर बराच कमी येतो, हें त्यांनीं पुढें मोकळेपणानें मान्य केलें. शिक्षकांनीं असें असावें.

असो. दिवाळीनंतर आम्ही तोच वर्ग घेऊन लोणारला गेलों. आपल्या जिल्ह्यांतील हें स्थळ विद्यार्थ्यांस ऐकून माहीत असतें. परंतु कांठावर उभें राहून खालीं पाहिल्यावांचून त्याचा अर्थ कळत नाहीं. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर, कांठापासून तळापर्यंत सुमारें दीडशें मीटर खोल. आपल्या काळ्या फत्तराच्या, म्हणजे बसाल्टच्या थरांवर आकाशांतून एक अशनि येऊन आदळला व तें निर्माण झालें. अलीकडच्या मोजणीप्रमाणें त्यास सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें झालीं असावींत. आघातानें झालेलीं विवरें बसाल्टमध्यें पृथ्वीवर फारच थोडीं टिकलीं आहेत, आणि मंगळाची भूमि मुख्यतः तसल्याच खडकाची असल्यामुळें, मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारचे दगड तपासतात. बुलढाण्याच्या मुलास परग्रहाची जमीन पाहावयाची असेल तर एस्. टी. चें तिकीट काढलें म्हणजे पुरे.

खालीं उतरतांना आधीं झाडी लागते, मग झुडपें, मग चिखलाचा पट्टा, आणि मध्यें खारें, अल्कधर्मी पाणी. वनरक्षकांच्या अनुमतीनें मुलांनीं तांबडा लिटमस कागद त्यांत बुडविला, तो तत्काळ निळा झाला. कांठावरच्या धारेचें गोडें पाणी वाहतें आहे, आणि त्याच विवराच्या तळाशीं तोंडांत घेववणार नाहीं असें पाणी! जून २०२० मध्यें हें सरोवर एकाएकीं गुलाबी झालें होतें. पातळी उतरली, खार वाढला, आणि खारांतच फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं आपला रंग सगळ्या पाण्यास दिला. पाऊस आल्यावर रंग गेला. एक अट किंचित् हलली, आणि साऱ्या सरोवराचें रूप पालटलें. लवणासुराची जी कथा लोणारांत सांगतात, तींतहि हीच नजर आहे. दैत्याच्या बिळावरचें झांकण विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें उडविलें, तेंच हें विवर. कथा रचणाऱ्यानें खड्डा कां आणि खार कां, या दोन्ही गोष्टींचा हिशेब दिला आहे. आमच्या नववीच्या कित्येक ग्रहांस तेवढा हिशेब देतां आला नव्हता.

तेथेंच ती मुलगी ओला कागद हातांत घेऊन म्हणाली, "सर, आमच्या विहिरीचं पाणीपण तोंडात धरवत नाही. पण ते बघायला कोणी गाड्या करून येत नाही."

परत आल्यावर आम्हीं कपाटांतून ती वही काढली आणि या वेळीं वाचली.

ज्यांस खारपाणपट्टा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा प्रदेश आहे. काळी माती खोल आहे, पीक पावसावर येतें. पण विहिरीचें पाणी पिकास दिलें तर जमीनच बिघडते, आणि माणसानें प्यालें तर देह बिघडतो. कांहीं गांवांत मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी फार वर्षांपासून आहेत.

त्या मुलीनें एवढी एकच अट घेतली होती, आणि ती शेवटपर्यंत सोडली नव्हती. तिच्या ग्रहावर घरें लहान, पण छपरें मोठीं, कारण छपरावर पडेल तेवढेंच पाऊसपाणी आपलें. तेथें पाहुण्यास आधीं पाणी दिलें तर तो ओंजळींतलें अर्धें परत करितो. न केलें तर तो असभ्य ठरतो. तेथील भाषेंत "गोड" हा शब्द फक्त पाण्यास लावितात, गुळास निराळा शब्द आहे. भांडीं आंतून पांढरीं पडतात, म्हणून सासुरवाडीस गेलेली मुलगी माहेरच्या पाण्याची ओळख भांड्यावरून सांगते. डाळ रात्रभर भिजवूनहि कठीण राहते. आणि एका कोपऱ्यांत, जणूं लिहावें कीं नाहीं अशा अडखळत्या अक्षरांत, एवढेंच होतें कीं त्या ग्रहावर म्हातारीं माणसें थोडीं आहेत.

आम्हीं मारलेला शेरा त्याच पानाखालीं होता. तो आम्हीं खोडला. पण खोडलेला शेराहि दिसतोच.

कल्पनाशक्ति म्हणजे कोणीं न पाहिलेलें दाखविणें, अशी आमची समजूत होती. आतां आम्ही म्हणतों कीं, सर्वांनीं पाहिलेलें व कोणींच मनावर न घेतलेलें शेवटापर्यंत नेणें, ही त्याहून कठीण गोष्ट आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या "ड्यून" या १९६५ च्या प्रसिद्ध कादंबरींतला वाळवंटी ग्रह असाच जन्मला. ऑरेगॉन प्रांतांत समुद्रकांठची वाळू सरकत सरकत रस्ते गिळीत होती, आणि गवत लावून ती थांबविण्याचा प्रयत्न चालला होता. तो पाहून लेख लिहावयास गेलेल्या मनुष्याच्या हातीं अखेर एक ग्रह लागला.

परमेश्वराच्या सृष्टीविषयीं ज्या सद्गृहस्थांनीं विचारलें, त्यांस आम्ही योहान केप्लर यांचें उदाहरण देतों. केप्लर हे धर्मोपदेशक होण्याच्या हेतूनें शिकले, आणि जन्मभर श्रद्धावंत राहिले. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या याच मनुष्यानें चंद्रावरील प्रवासाची एक कल्पित कथा लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६३४ सालीं छापली गेली. चंद्रावर दिवस पंधरवड्याचा व रात्र पंधरवड्याची, तेव्हां तेथील प्राण्यांस उन्हापासून लपावयास गुहा हव्यात, असें तींत आहे. चंद्राच्या एका अंगास राहणाऱ्यांस आपली पृथ्वी आकाशांत एकाच जागीं टांगलेली व स्वतःभोवतीं फिरत असलेली दिसते. म्हणजे पृथ्वी फिरते हें लोकांस पटविण्यासाठीं केप्लर त्यांस चंद्रावर घेऊन गेले. जो नियम पाळून ग्रह रचतो, तो निर्मात्याशीं स्पर्धा करीत नाहीं; त्याच्या नियमांस बाहेर काढून तपासतो.

परीक्षेच्या चिंतेनें आलेल्या पालकांस उत्तर थोडक्यांत. डॉ. जयंत नारळीकर यांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस "कृष्णविवर" ही गोष्ट पाठविली. आपलें नांव पाहून परीक्षक भारावूं नयेत म्हणून आद्याक्षरें उलट करून "नारायण विनायक जगताप" हें टोपणनांव घेतलें, व अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. तिला पहिलें बक्षीस मिळालें. जगन्मान्य शास्त्रज्ञास ज्या कामांत वेळ दवडला असें वाटलें नाहीं, त्यांत नववीच्या मुलाचे चार दिवस गेले तर कांहीं बिघडत नाहीं. शिवाय त्या मुलीस वजाबाकी व भागाकार ज्या कारणासाठीं करावा लागत आहे, तें आमच्या गणिताच्या पुस्तकांतील कोणत्याहि उदाहरणाहून अधिक खरें आहे.

कारण ती आतां तो ग्रह पुन्हां लिहीत आहे. वर्ष आपल्याइतकेंच धरलें आहे. छप्पर चाळीस चौरस मीटर. पाऊस मात्र आपल्याहून पुष्कळ कमी, वर्षाकाठीं पंधरा सेंटिमीटर. म्हणजे हौदांत सहा हजार लिटर. घरांत माणसें सहा, प्रत्येकास दिवसाचे तीन लिटर. हौद ३३३ दिवस पुरतो. उरलेल्या बत्तीस दिवसांत तीं माणसें काय करितात, हें तिनें अजून ठरविलेलें नाहीं, आणि आम्हींहि तिला कांहीं सुचविलेलें नाहीं.