वापरलेली जोड-होडी घ्यावी, तर कोणती?

समुद्राकांठीं राहणाऱ्या कुटुंबांतील मुलें तेरा-चौदा वर्षांचीं झालीं, म्हणजे आपल्या घरची एक शिडाची होडी असावी, ही इच्छा केव्हां ना केव्हां डोकें वर काढतेच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन डिएगो शहरीं, जेथें प्रस्तुत लेखकाचें हल्लीं वास्तव्य आहे, ही इच्छा पुरी करणें फारसें कठीण नाहीं. तेथें मिशन बे नांवाचें सुमारें ४,२०० एकरांचें उद्यान असून त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पाण्यानें व्यापलेला आहे. त्या पाण्यावर दोन होडक्यांच्या, वाळूवरूनच पाण्यांत लोटावयाच्या होड्या नेहमीं दिसतात, आणि जुन्या होड्याहि वरचेवर विक्रीस निघतात. त्यांतून निवड करितांना बहुतेक पालक वेग, रंग आणि किंमत या तीनच गोष्टी पाहतात. या तिहींपेक्षां महत्त्वाची अशी एक चौथी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे मुळींच लक्ष दिलें जात नाहीं, असें आमचें मत आहे.

या होडीस कॅटामरान म्हणतात. हा शब्द तामिळ भाषेंतील ‘कट्टुमरम्’ म्हणजे ‘बांधलेलीं लांकडें’ यावरून आलेला आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्यांचा तो ओंडक्यांचा तराफा होय. नांव तेथून आलें, परंतु दोन होडकीं आडव्या दांड्यांनीं जोडण्याची कल्पना प्रशांत महासागरांतील बेटवासीयांची आहे. आपल्या कोंकणांत होडी कलूं नये म्हणून बाजूस उलांडी बांधतात. तिच्या जागीं दुसरें होडकेंच बांधलें आहे अशी कल्पना केली, म्हणजे या होडीचें स्वरूप ध्यानांत येईल. अमेरिकेंत इ. स. १८७६ सालीं नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनीं ‘अमॅरिलिस’ नांवाची अशी होडी शर्यतींत उतरवून इतर होड्यांस मागें टाकिलें होतें. पुढें लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनविणारे कॅलिफोर्नियाचे होबी आल्टर (१९३३–२०१४) यांनीं फोम व फायबरग्लास यांच्या कामाचा आपला अनुभव होडीकडे वळविला. १९६८ सालीं त्यांची १४ फुटी होडी निघाली व लौकरच १६ फुटी निघाली. ही ‘होबी १६’ जगभर लाखाहून अधिक संख्येनें बनली. म्हणूनच वापरलेल्या होड्यांच्या बाजारांत ती सर्वांआधीं समोर येते.

आतां ती चौथी गोष्ट. दोन होडक्यांची होडी रुंद असल्यामुळें सहजासहजीं कलत नाहीं, हें खरें. परंतु एका मर्यादेपलीकडे ती कलली, कीं उलटतेच. ‘होबी १६’ चीं तर पुढचीं टोकें जोराच्या वाऱ्यांत पाण्यांत घुसतात, आणि होडी पुढच्या पुढें कोलांटी घेते. उलटणें हा या खेळांतील अपघात नसून नित्याचा प्रसंग आहे. तेव्हां होडी घेतांना पहिला प्रश्न असा विचारावा, कीं ही उलटली असतां आपल्या घरचीं माणसें ती आपल्याच बळानें सुलटी करूं शकतील काय?

सुलटी करण्याची रीत अशी आहे. प्रथम शिडाचे दोर मोकळे सोडावे, होडीचें नाक वाऱ्याकडे वळवावें, वरच्या होडक्यावरून आणलेला दोर धरून खालच्या होडक्यावर उभें राहावें आणि पाठ पाण्याकडे टाकून ओणवें लोंबावें. माणसाच्या वजनानें डोलकाठी हळूहळू वर येते. येथें युक्तीपेक्षां वजनाचें काम अधिक. ‘होबी १६’ ची लांबी सुमारें ५ मीटर व वजन सुमारें १४५ किलो आहे, आणि ती सुलटी करण्यास सुमारें ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो, वजन दोरावर पडावें लागतें, असें अनुभवी लोक धरून चालतात. आई, बाप व दोन मुलें मिळून हें वजन सहज भरतें, आणि पालकांची फसगत होते ती येथेंच. चौघांचा हिशेब करून होडी घेतात, परंतु दोन वर्षांनीं सोळा वर्षांचा मुलगा व चौदा वर्षांची मुलगी दोघेंच जातों म्हणतात. तशीं तीं म्हणावींत यासाठींच तर होडी घेतलेली असते! त्या दोघांचें वजन मिळून शंभर किलो असेल, तर उलटलेली होडी तशीच पडून राहील. हिवाळ्यांत तेथील समुद्राचें पाणी १४-१५ अंशांपर्यंत थंड होतें. अशा पाण्यांत अर्धा तास थकलेल्या हातांनीं दोर ओढीत राहणें ही थट्टा नव्हे.

यास्तव आमचें म्हणणें असें, कीं होडीचें माप कुटुंबांतील सर्वांच्या वजनानें न घेतां सर्वांत हलक्या अशा ज्या दोघांना एकटें पाठवावयाचें, त्यांच्या वजनानें घ्यावें. मुलें लहान चणीचीं असल्यास १३ फुटी ‘होबी वेव्ह’ पाहावी. तिचीं होडकीं जाड प्लॅस्टिकचीं, साच्यांत घडविलेलीं असतात व वाळूवर आपटण्यास भीत नाहींत. शिडाखालीं डोक्यावर आदळणारी आडवी दांडी तिला नसते, आणि एका प्रौढ माणसाच्या वजनानें ती बहुधा सुलटी होते.

यावर कोणी म्हणेल, कीं मंद होडीचा मुलांस लौकरच कंटाळा येईल व ती अंगणांत धूळ खात पडेल. हा आक्षेप पोकळ नाहीं. वेगाची आवड हा त्या वयाचा धर्मच आहे, आणि ‘होबी १६’ चे सुटे भाग मिळण्यास सोपे आहेत, हाहि तिचा मोठा गुण होय. ज्यांस तीच घ्यावयाची असेल त्यांनीं अवश्य घ्यावी; परंतु सोबत दोराला अडकवावयाची पाण्याची पिशवी घ्यावी. पाण्यांत तिचें ओझें वाटत नाहीं, पण ती भरून पाण्याबाहेर उचलली, कीं तिचें सर्व वजन दोरावर येतें व मुलांच्या वजनाची उणीव भरून काढतें. तसेंच डोलकाठीच्या टोकास एक तरता गोळा लावावा, म्हणजे होडी पूर्ण पालथी होणार नाहीं.

होडी जुनी असल्यामुळें तिची प्रकृतीहि पाहिली पाहिजे. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्यें फोम भरून हीं होडकीं बनवितात. वर्षानुवर्षांच्या ताणानें थर फोमपासून सुटतात, आणि बाहेरून रंग तजेलदार असला तरी आंत होडकें कुजक्या फळासारखें मऊ झालेलें असतें. अंगठ्यानें सर्वत्र दाबून पाहावें, विशेषतः पुढच्या खांबाच्या पुढील भागीं. नाण्यानें ठोकावें, टणक आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. बूच काढून नळीनें तोंडानेंच हवा फुंकावी व सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें, म्हणजे गळती बुडबुड्यांनीं कळते. तळ वाळूवर घासून पातळ झाला आहे काय, तेंहि पाहावें. शीड, बसावयाचें ताणलेलें कापड व डोलकाठीच्या तारा बदलतां येतात, त्यांचा खर्च किंमतींत धरावा. मऊ पडलेलें होडकें मात्र फुकट मिळालें तरी महाग होय.

डोलकाठीविषयीं दोन शब्द. ती आंतून बंद असली पाहिजे, कारण तींत पाणी शिरल्यास उलटलेली होडी पालथी होण्यास वेळ लागत नाहीं. दुसरें असें, कीं जुन्या होड्यांची डोलकाठी सबंध ॲल्युमिनियमची असे, आणि ती विजेच्या तारांस लागून माणसें दगावलीं आहेत. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत ‘होबी १६’ च्या डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या पदार्थाचा करूं लागले. अशी डोलकाठी असलेलीच होडी घ्यावी. तरीहि ती उभी करण्यापूर्वीं वर पाहण्याची संवय मुलांस पहिल्या दिवसापासून लावावी, कारण तिला बांधलेल्या तारा धातूच्याच असतात.

शेवटीं एक सूचना. विक्रेत्याची अनुमति घेऊन, मंद वाऱ्याच्या दिवशीं, डोलकाठी तळाशीं रुतणार नाहीं इतक्या खोल पाण्यांत, अंगांत तरंगजाकीट घालून होडी मुद्दाम उलटवावी, आणि मुलांना एकट्यानें ती सुलटी करावयास सांगावें. वडिलांनीं जवळ राहावें, पण हात लावूं नये. तसेंच अंगठ्यानें दाबणें, नाण्यानें ठोकणें, दोषांची यादी करणें, हीं कामेंहि मुलांकडेच सोंपवावींत. ज्या दिवशीं तीं वडिलांवांचून पाण्यावर जातील, त्या दिवशीं होडीचे गुणदोष त्यांस ठाऊक असले पाहिजेत, वडिलांस नव्हे. मुलांनीं ती सुलटी केली तर पैसे मोजावे; न केली तर ती कितीहि देखणी व स्वस्त असो, विक्रेत्याचे आभार मानून दुसरी पाहावी.

— एक माजी विद्यार्थी