पदनामाचे वाचक

शिलाँगला नेमणूक असताना माझ्या लेखांना चाळीसच्या आसपास वाचक होते आणि ते सगळे मला नावानिशी ठाऊक होते. लेख पुरा झाला की मी तो ई-मेलने पाठवीत असे. त्यांपैकी कुणी भिलाईला पोलाद कारखान्यात होते, कुणी बडोद्याला बँकेत, दोघे दुबईत, आणि एक निवृत्त मुख्याध्यापक इंदूरला. उत्तरे येत, पण त्यांतली निम्मी शुद्धलेखनाच्या चुका दाखवणारी असत. तरीही लेख वाचला गेला आहे एवढे त्यावरून नक्की कळत असे.

पुढे दिल्लीला बदली झाली. माझ्याच तुकडीतला, मूळचा नागपूरचा एक सहकारी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, ‘अरे, बोळाच्या टोकाला दुकान थाटायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून कुरकुरायचं, याला काय अर्थ आहे? लिंक्डइनवर ये.’ नोकरी शोधणाऱ्यांसाठी असलेल्या ठिकाणी पन्नाशी उलटलेल्या सरकारी माणसाचे काय काम, असे मला वाटले. पण त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. २००३ मध्ये सुरू झालेले हे जाळे भारतात २०२३ मध्येच दहा कोटी सदस्यांच्या पलीकडे गेले होते आणि अमेरिकेनंतर त्याचा सर्वांत मोठा पसारा आपल्याकडेच आहे. महाराष्ट्राबाहेर गेलेला सुशिक्षित मराठी माणूस महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत वर्षातून एकदा भेटतो. या जाळ्यावर मात्र तो रोज डोकावतो. मी खाते उघडले.

वाचक मिळवण्याची कला मला शून्यापासून शिकावी लागली. आम्हां सरकारी लोकांना आधी विषय, मग संदर्भ, मग ‘उपरोक्त विषयान्वये’ अशी चढण चढूनच मुद्द्यावर येण्याची सवय. या जाळ्यावर एका टिपणाला तीन हजार अक्षरांची मर्यादा असते आणि त्यातल्याही पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचे वाचायचे तर वाचकाला मुद्दाम कळ दाबावी लागते. त्या दोन ओळींत ‘उपरोक्त’ बसत नाही. म्हणून लेखातला एखादा प्रसंग किंवा एखादा आकडा पहिल्या ओळीत आणू लागलो. नुसता पत्ता चिकटवून ‘माझा नवा लेख वाचावा’ असे लिहिले की कुणी फिरकत नसे. लेखाचा गाभा तिथेच पाच-सहा वाक्यांत सांगून, ज्याला सविस्तर हवे त्याच्यासाठी खाली पत्ता दिला, तर लोक येत. आणि सर्वाधिक वाचक आले ते माझ्या स्वतःच्या टिपणांमुळे नव्हे. दुसऱ्या कुणाच्या लिखाणाखाली विचारपूर्वक चार ओळी लिहिल्या की त्याच्या ओळखीच्यांना त्या दिसत आणि त्यांतले काहीजण माझ्याकडे वळत.

याचे कारण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच सांगून ठेवले आहे. अमेरिकेतल्या न्यूटन या उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले की ज्याने ही बातमी दिली तो त्या काळात किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. जवळच्या माणसाला बहुधा तेवढेच ठाऊक असते जेवढे आपल्याला असते. नवी बातमी आणते ती जुजबी ओळख. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात खुद्द लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोग झाला तो बऱ्यापैकी विरळ ओळखींचा. (त्या सदस्यांना आपल्यावर प्रयोग चालला आहे याची कल्पना होती का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो योग्यच होता.) लेखाला वाचक मिळण्याची रीत नोकरी मिळण्याच्या रीतीहून फार वेगळी नसावी. माझे चाळीस वाचक एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे ते चाळीसच राहिले.

भाषेचा प्रश्न होता. या जाळ्याचा चेहरामोहरा २०२४ पासून मराठीतही मिळतो, पण तिथला व्यवहार इंग्रजीचाच. मी लेख मराठीतच ठेवला आणि परिचयाच्या ओळी दोन्ही भाषांत दिल्या. बंगळूर, हैदराबाद, सुरत, रायपूर इथले मराठी लोक येऊ लागले. वर्षभरात चाळिसांचे अडीच-तीन हजार झाले. खोटे कशाला बोलू, रात्री झोपण्यापूर्वी आकडा पाहण्याची सवय लागली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दिल्लीतल्या माझ्या त्या पदावर माहिती तंत्रज्ञानाशी संबंधित सेवांच्या खरेदीचे काम होते आणि काही निविदांच्या तांत्रिक मूल्यमापन समितीत मी सदस्य होतो. निविदा म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. सल्लागार सेवांच्या बाबतीत मात्र अनेकदा गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना भार दिला जातो. सादरीकरणाला गुण असतात आणि ते समितीतली माणसे देतात. तिथे माणसाच्या मताला जागा असते.

हे जाळे लेखकाला एक सोय देते. आपले टिपण कोणत्या शहरातल्या, कोणत्या हुद्द्याच्या आणि कोणत्या कंपनीतल्या लोकांनी पाहिले याचा गोषवारा ते दाखवते. एके रात्री तो तक्ता पाहताना माझ्या लक्षात आले की, जिल्हा कोषागारांच्या इतिहासावरच्या माझ्या मराठी लेखाचे टिपण पाहणाऱ्यांत एका कंपनीचे लोक सर्वांत पुढे होते. त्या कंपनीची निविदा त्याच महिन्यात आमच्या समितीपुढे होती. ‘अत्यंत मार्मिक विवेचन, सर’ असे लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघे तिथलेच, आणि त्यांतल्या एकाच्या नावावरून तरी त्याला मराठी वाचता येत असावे असे वाटत नव्हते. (परिचयाच्या ओळी इंग्रजीतही होत्या हे खरे, पण मार्मिक म्हणण्याजोगे त्या पाच ओळींत काही नव्हते.)

त्यांनी काही गैर केले असे मी म्हणत नाही. कुणी काही मागितले नाही, कुणी काही दिले नाही. पण मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूंबद्दल मला जन्मजात संशय आहे. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला संकेताचा सिद्धांत आम्हांला एम.ए.ला होता. संकेत विश्वासार्ह ठरतो तो त्याची किंमत मोजावी लागते म्हणून, आणि ज्याच्याकडे गुण नाही त्याला ती किंमत जास्त पडते म्हणून. पसंतीची कळ दाबायला काहीच पडत नाही, तेव्हा तिच्यातून लेखाच्या गुणवत्तेची काहीही माहिती मिळत नाही. मिळते ती एवढीच की, दाबणाऱ्याला आपले नाव माझ्या डोळ्यांसमोर यावे असे वाटते.

ती निविदा कुणाला गेली हे इथे अप्रस्तुत आहे. मी गुण देताना त्या ‘मार्मिक विवेचना’चा परिणाम माझ्यावर झाला का, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. झाला नसावा असे वाटते, परंतु असे वाटण्यात माझा हितसंबंध आहे. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधल्या नियम १७५ मध्ये खरेदीतल्या सचोटीची संहिता आहे आणि हितसंबंधांचा संघर्ष असल्यास तो उघड करणे तीत अभिप्रेत आहे. मी समितीच्या अध्यक्षांना तोंडी सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ‘लेख आवडणे हा हितसंबंध कसा होईल?’ मी लेखी द्यायला हवे होते. दिले नाही, कारण कागदावर ते हास्यास्पद दिसले असते.

दीड वर्षाने माझी बदली एका प्रशिक्षण संस्थेत झाली. खरेदीशी काही संबंध राहिला नाही. खात्यावरचे पदनाम मी त्याच दिवशी बदलले. लेखनाचा विषय तोच, परिचयाच्या ओळी तशाच, माझा हातही तोच. तीन महिन्यांत वाचकांचा आकडा एक-तृतीयांशावर आला. अर्थशास्त्रात असे स्वच्छ प्रयोग क्वचित घडतात. लेख बदलले नव्हते, पदनाम बदलले होते.

आपले नियम याबाबत काय म्हणतात? केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लेखनाला मज्जाव करीत नाहीत. नियम ८ नुसार पुस्तक लिहिणारा किंवा माध्यमांत लिहिणारा कर्मचारी आपली मते स्वतःची आहेत, सरकारची नाहीत, हे सदैव स्पष्ट करण्यास बांधील आहे. नियम ९ नुसार सरकारच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करता येत नाही, मग ती स्वतःच्या नावाने असो, निनावी असो वा टोपणनावाने. १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीतच होते. ‘लोकहितवादी’ या नावाची आडोशाची सोय त्यांना होती. आज ती नाही.

म्हणजे मी काय लिहावे याची काळजी नियमांनी घेतली आहे. मला कोण वाचतो आणि का वाचतो, याची काळजी त्यांत दिसत नाही, आणि १९६४ मध्ये ती घेण्याचे कारणही नव्हते. तेव्हा लेख संपादकाकडे जात असे, आणि वर्तमानपत्राचा अंक विकत घेणाऱ्याला लेखकाला खूश करण्याचा मार्ग नव्हता. फार तर एखादे पोस्टकार्ड. आज वाचक, अभ्यागत आणि निविदाकार एकाच दारातून, एकाच कळीवर बोट ठेवून आत येतात.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांबाबत सूचना काढल्या. शासनावरील टीकेला त्यांत मनाई आहे आणि वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती तेवढ्याच भागाची. मला महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन साध्या गोष्टी. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, आणि योजनांच्या यशाबद्दल लिहिले तरी त्यात स्वप्रशंसा होऊ नये. स्वप्रशंसा कुठे सुरू होते हे कोण ठरवणार, असे हसण्यावारी नेणारे मित्र मला भेटले. परंतु एका अधिकाऱ्याने २०२२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत निरीक्षकपदी रुजू झाल्याची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकली, तेव्हा निवडणूक आयोगाने त्याला त्या कामातून दूर केले होते. सीमा अगदीच अदृश्य असते असे नाही.

माझ्या नागपूरकर मित्राला हे सगळे पटत नाही. त्याचे म्हणणे असे : ‘तू तीस वर्षं प्रशासनात घालवलीस, म्हणून तुझं ऐकायचं. पदनाम झाकलंस तर उरतो कोण? निवृत्तीनंतर सगळेच शहाणे होतात.’ या म्हणण्यात तथ्य आहे. वाचकाला लेखकाची पात्रता कळण्याचा हक्क आहे. आणि अधिकाऱ्यांनी लिहूच नये, या मताचा तर मी मुळीच नाही. आपल्या कार्यालयांत जे शिकले जाते ते बदलीबरोबर फायलीत बंद होते, आणि पुढचा माणूस तेच पुन्हा चुकून शिकतो. ते बाहेर यायला हवे, जिथे वाचक आहे तिथे जायला हवे, आणि आज तो या व्यावसायिक जाळ्यावर आहे.

परंतु अनुभव आणि अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘तीस वर्षे केंद्रीय सेवेत, लेखा आणि प्रशिक्षण या क्षेत्रांचा अनुभव’ एवढे सांगितले की पात्रता कळते. आज माझ्या टेबलावर कोणती फाईल आहे हे वाचकाला कळण्याची गरज नाही. खरेदी, परवाने, करनिर्धारण, तपास अशा जागी बसलेल्यांनी तरी वैयक्तिक खात्यावर चालू पदनाम लिहू नये, आणि ज्याचे प्रकरण आपल्यापुढे आहे त्याच्याशी त्या काळात नवी जोडणी स्वीकारू नये. नियम ८ मध्ये याची एका ओळीची भर पडली तर मी तिचे स्वागत करीन. आपल्या वाचकांत कुणाचे प्रकरण आपल्याकडे प्रलंबित आहे हे वर्षातून एकदा लिहून देणे अवघड नाही. स्थावर मालमत्तेचे विवरण आपण देतोच. मित्र म्हणतो, विभागप्रमुख हसतील. हसोत. माझ्या वेळी मी त्या हसण्याला घाबरलो.

मी खाते बंद केलेले नाही. पदनाम काढले आहे, छायाचित्रातली कार्यालयाची पाटी कापली आहे, आणि पाहणाऱ्यांचा तक्ता मी उघडत नाही. निदान रोज तरी नाही. लेखनासाठी जुन्या नेमणुकांतले विषय घेतो, ज्यांच्या फायली कधीच अभिलेख कक्षात गेल्या. एरवी कुणीही ज्याच्याकडे फिरकले नसते, असा एक लेख गेल्या महिन्यात मी ईशान्येतल्या कोषागारांतल्या नाणेपेट्यांवर लिहिला. त्यावर एकच प्रतिक्रिया आली. ती राऊरकेल्यातल्या एका मराठी गृहस्थांची, जे माझ्या एका परिचिताचे परिचित. त्यांनी विचारले होते की, तिसऱ्या परिच्छेदातली बेरीज जुळत नाही, तर तुम्ही फाटक्या नोटा धरल्या आहेत की वगळल्या आहेत? मी वगळल्या होत्या आणि तसे सांगायला विसरलो होतो. लेख दुरुस्त केला आहे.