सही करण्याआधी

गेल्या महिन्यात काकांना अँजिओग्राफीसाठी नेलं. सकाळीच चार पानी इंग्रजी फॉर्म पुढ्यात आला. काकांचं सगळं आयुष्य कमरीपेठेत गेलं. घरात मराठी, बाजारात कन्नड. "तू वाचलंस ना? मग झालं," म्हणत त्यांनी सही केली.

मी वाचलंच नव्हतं. ॲपच्या अटी न वाचता 'मान्य' दाबायची आमची सवय!

रात्री वाचला, तेव्हा कळलं: अडथळा दिसला तर लगेच अँजिओप्लास्टी करायलाही त्यात संमती होती. अँजिओग्राफी ही तपासणी, अँजिओप्लास्टी हा उपचार. काकांना हा फरक माहीतच नव्हता. नशिबानं औषधांवर भागलं.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी सांगितलं आहे की, तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. जीव वाचवायला तातडीनं करावं लागलं तरच अपवाद. दोन्हींची संमती आधी एकत्र घेता येते, पण उपचार कशासाठी, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, नकार दिला तर काय होईल, हे रुग्णाला सांगायला हवं.

म्हणून मित्रांनो, फॉर्म आदल्या दिवशीच मागून घ्या. आई-बाबांना मराठीत समजावा आणि मग विचारा, "आता तुम्ही सांगा, उद्या काय करणार आहेत?" त्यांना सांगता आलं, की मगच पेन हातात द्या. नाही आलं, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. त्यात संकोच कसला?