दांड्यावरचा अर्धा किलो

'वजन' हा शब्द मराठीत एका अर्थाने चालतो आणि उर्दूत दुसऱ्या. मराठीत माणूस वजनदार असला म्हणजे त्याचा शब्द चालतो. उर्दूत एखादा शेर 'वजनात' आहे असे म्हणतात तेव्हा तो जड आहे असे कोणी म्हणत नसते. त्यातले लघू-गुरू जिथल्या तिथे बसले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही भाषा शिकवणारी बाई म्हणून हा फरक मी दरवर्षी वर्गात सांगते. यंदाच्या पावसाळ्यात तो मला फोंडा घाटात गाडीच्या गियरने शिकवला.

आम्ही ओरोसला राहतो. नवरा कुवेतला असतो, त्यामुळे गाडी मीच चालवते. रोजची शाळा, आठवड्याचा कुडाळचा बाजार आणि महिन्यातून एकदा सासूबाईंना तपासणीसाठी कोल्हापूरला नेणे. गाडी १२ वर्षांची, पेट्रोलची. वर्षभरापासून दुसरा गियर टाकताना दांडा अडखळायचा. घाटातून आले की रात्री मनगट ठणकायचे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना हात भरून यायचा.

इंजिनिअरिंगला असलेला मुलगा सुट्टीवर आला तो माझ्यासाठी भेट घेऊन. चकचकीत स्टीलचा गोल गियर नॉब. "अम्मी, हा लाव, गियर लोण्यासारखा पडेल," म्हणाला. त्याने स्वतःच जुना नॉब काढला आणि नवा बसवला. मी दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले. जुना प्लास्टिकचा ७० ग्रॅम भरला, नवा जवळजवळ ५०० ग्रॅम. फोनवर नवऱ्यानेही पसंती दिली. रोज तो दांडा धरणाऱ्या मनगटाला कोणी काही विचारले नाही. खरे सांगायचे तर मीही विचारले नाही. मुलाने आठवणीने आणलेली वस्तू होती.

पहिले पंधरा दिवस मुलाचे म्हणणे खरे वाटले. त्यामागे शास्त्र आहेच. जड वस्तू एकदा हलली की तिची गती सहज मोडत नाही. दांडा वाटेत थोडा अडला तर वरचे वजन त्याला पुढे ढकलते आणि तो बारीक झटका तळहातापर्यंत पोहोचत नाही. हौशी लोक उगाच पैसे घालवतात असे नाही. गियर खरोखर मऊ लागतो.

मग एका संध्याकाळी आम्ही कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत परत येत होतो. पाऊस लागला होता. फोंडा घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरत होते, कारण उतारावर गाडी इंजिनने धरायची असते, नुसत्या ब्रेकने नाही. एका वळणावर चाक खड्ड्यात आदळले आणि गियर सुटला. गाडी न्यूट्रलमध्ये आली आणि एकदम हलकी होऊन पुढे धावू लागली. ब्रेक दाबत दाबत कशीबशी कठड्याच्या कडेला घेतली. सासूबाई मागच्या सीटवर तस्बीह ओढत होत्या. "का थांबलीस गं?" एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, "पाऊस कमी होऊ दे."

दुसऱ्या दिवशी कुडाळच्या मिस्त्रीने दांड्याखालचे कव्हर काढले, दांडा दोन बोटांनी हलवला आणि म्हणाला, "ओ बाईनू, गोळो जड केलात म्हणान गियर धरान ऱ्हवाचो नाय. आदी खालचो बुश बघा, तो झिजलोहा." दांड्याच्या बुडाचा बुश झिजला होता आणि इंजिनाच्या माउंटिंगचे रबरही बसले होते. खाली सगळे सैल, आणि वर अर्धा किलो. खड्ड्यात गाडी उसळली तेव्हा त्या अर्ध्या किलोने सैल दांड्याला झोल दिला. बुश आणि रबर बदलायला नॉबच्या किमतीपेक्षा कमी पैसे लागले. त्यानंतर जुना ७० ग्रॅमचा नॉब लावूनही दुसरा गियर अडखळेना.

म्हणून माझे पहिले मत हे की, जड नॉब ही दुरुस्ती नव्हे. गियर अडखळत असेल तर बुश, केबल, क्लच, गियर ऑइल आणि माउंटिंग आधी तपासून घ्यावे. जड नॉब दोष घालवत नाही, तो हाताला कळू देत नाही. दांड्याचा अडखळा हे गाडीचे गाऱ्हाणे होते. ते माझ्यापर्यंत पोहोचायचे बंद झाले आणि मी त्यालाच सुधारणा समजले. अक्षर बिघडलेल्या मुलाला जड पेन दिले म्हणून अक्षर सुधारत नाही. तो पेन धरतो कसा, ते पाहावे लागते.

दुसरी समजूतही दुरुस्त करायला हवी. जड नॉबने गियर 'लवकर' पडतो असे मुले सांगतात. गियरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर रिंग असते. दोन वेगळ्या वेगांनी फिरणारे भाग ती आधी एका वेगावर आणते, मगच गियर बसतो. तिला क्षणभर वेळ द्यावाच लागतो. वजनाच्या जोरावर दांडा रेटला तर तो क्षण वाचत नाही, रिंग मात्र झिजते. आणि नॉब हाताला छान लागला की हात तिथेच विसावतो. ती सवय वाईट. हाताच्या भाराने आतला फोर्क फिरत्या भागावर घासत राहतो.

आता ज्यांची गाडी ठणठणीत आहे आणि तरीही नॉब बदलायचा आहे, त्यांच्यासाठी. वजन किती घ्यावे? ५ सेंटिमीटर व्यासाच्या भरीव गोळ्याचे आकारमान साधारण ६५ घन सेंटिमीटर होते. तो स्टीलचा केला तर ५१० ग्रॅमच्या आसपास भरेल, पितळेचा त्याहून थोडा जड, ॲल्युमिनियमचा सुमारे १७५ आणि सागवानाचा ४०-४५ ग्रॅम. आट्यांसाठी भोक पाडले की यातून थोडे कमी होईल. म्हणजे प्लास्टिक आणि स्टील यांच्यामध्ये भरपूर जागा आहे. आपल्या घाटांत आणि खड्ड्यांत रोजच्या वापराच्या गाडीला १५० ते २०० ग्रॅम पुरेसे आहेत, असे माझे अनुभवाचे मत आहे.

उंचीकडेही बघावे. नॉब उंच असेल तर तरफेच्या नियमाने जोर कमी लागतो, पण हात जास्त अंतर फिरवावा लागतो. बुटक्या नॉबला अंतर कमी आणि जोर जास्त. दुखऱ्या मनगटाला बुटका नॉब सोसत नाही. स्पोर्टी दिसतो म्हणून तोच घेतला जातो, हे मी पाहिले आहे.

आटे जुळायला हवेत. होंडाच्या गाड्यांत साधारण १० मिलिमीटर जाडी आणि १.५ मिलिमीटर अंतराचे आटे असतात, टोयोटाच्या गाड्यांत १२ आणि १.२५. आपल्या गाडीचे मोजून घ्यावेत. 'सगळ्यांना बसेल' अशा नॉबमध्ये बाजूने बारीक स्क्रू आवळतात. ते सैल झाले तर नॉब भर रस्त्यात हातात येईल. ज्या गाड्यांत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागते, तिथे नवा नॉब त्या रिंगच्या आड येत नाही ना, हे दुकानातच बघावे.

आणि ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या कार्यालयांच्या आवारात दुपारभर उभी राहिलेली गाडी आठवा. उघड्या स्टीलला तेव्हा हात लावून दाखवावा. चामड्याचे आवरण असलेला नॉब आपल्या हवेला बरा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकूड कातून रंगवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिथली कातीव कामे पाहिली की वाटते, हाताला न भाजणारी मूठ शोधायला फार लांब जायची गरज नाही. शेवटची गोष्ट, नॉबवर गियरचा नकाशा असावा. अडीनडीला शेजाऱ्याने गाडी काढली तर रिव्हर्स कुठे आहे, हे त्याला शोधत बसावे लागू नये.

मी काय केले? बुश बदलल्यावर महिनाभर जुनाच नॉब ठेवला. मग चामडे चढवलेला, १८० ग्रॅमचा, थोडा उंच असा एक नॉब स्वतः दुकानात जाऊन, हातात धरून घेतला. मुलाला घाटातली गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मी त्याला रागावले नाही. चूक त्याच्या भेटीत नव्हती. अडखळ्याचे कारण न शोधता त्यावर वजन ठेवले, ही आम्हा दोघांची चूक होती.

आपल्या घरांत गाडी चालवणाऱ्या बाया आता वाढल्या आहेत. त्यांच्या गाडीत काय लावायचे हे मात्र अजून मुलगा, भाऊ किंवा परदेशातून फोनवर नवरा ठरवतो. हौसेने आणि मायेनेच ठरवतो, पण दांडा ज्याच्या हातात, त्याच्या मनगटाला आधी विचारावे. त्या हाताला, त्या रस्त्याला आणि त्या गाडीला जे बरोबर बसते, तेवढेच वजन.