अठ्ठावीस दिवसांचा महिना

आमची लालबागची मावशी हिशेबाला मोठी पक्की. दिवाळीच्या बेसनाची दोन पुडकी दोन हातांत घेऊन ती दुकानाच्या उजेडात उभी राहते आणि बारीक अक्षरांतली एकच ओळ शोधते: ग्रॅमला किती? पुडक्यांवर ही ओळ छापण्याचा नियम २०२१ सालच्या दुरुस्तीने आला. तेव्हापासून मोठे पुडके स्वस्त, हे दुकानदाराचे पालुपद मावशी ऐकूनच घेत नाही.

अशा बाईला गेल्या दिवाळीत टेलिफोनने फसवले. 'फसवले' हा शब्द मावशीचा. कायद्याच्या बाजूने पाहिले, तर कोणीच काही वावगे केले नव्हते.

झाले असे, की मावशीने महिन्याचे रिचार्ज मारले होते. निदान तिची समजूत तशी. प्रत्यक्षात ते होते २८ दिवसांचे. मुदत संपली, तसा आधी तिचा बाहेर जाणारा फोन बंद झाला आणि काही दिवसांनी येणाराही. मुदत संपल्याचे निरोप आले होते म्हणे, पण ते इंग्रजीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मालवणहून तिची थोरली बहीण, आमची आक्का, फोन लावते आहे आणि इकडे नुसती मुकी शांतता! ऐंशी वर्षांच्या बाईच्या मनात काय काय येणार? शेवटी तिने परळच्या भाच्याला पिटाळले. रात्री दहाला त्याने दार ठोठावले, तेव्हा मावशी ताटात चकल्या मोजत होती. आक्काने मात्र तिकडे देव पाण्यात ठेवले होते.

वाचकहो, ज्या बाईने एके काळी मालवणच्या फोनसाठी सेकंद सेकंद मोजला, तिची ही गत. नव्वदच्या दशकात रात्री अकरानंतर लांबच्या फोनचा दर चौथाई होई. त्या वेळी एसटीडीच्या बूथबाहेर जी रांग लागे, तिच्यात मावशी हटकून असायची. आत तांबडे आकडे पळत असत. तिची एक नजर आकड्यांवर आणि तोंडात, "फराळ पोचला? बरं, ठेवते." घरी फोन असलेल्यांना हे सुख नव्हते. गाव जितका लांब, तितका मीटरचा एकेक 'कॉल' कमी सेकंदांत संपे, आणि बिलावर येई तो सगळ्या कॉलांचा एकत्र आकडा. त्यात मालवणचे किती नि दादरचे किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. बूथवरचा तो तांबडा आकडा, माझ्या मते, गिऱ्हाइकाला फोनची किंमत सांगणारी आजवरची सर्वांत प्रामाणिक गोष्ट.

पुढे स्पर्धा आली. १९९७ साली ट्राय, म्हणजे दूरसंचाराचे नियामक प्राधिकरण, आले. २००६ साली सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया अशी योजना काढली. मालवण काय नि गुवाहाटी काय, दर एकच! आणि आता तर बोलणे जवळजवळ फुकट झाले. पैसे मोजायचे ते दिवसांचे. ही मापाची अदलाबदल मावशीच्या ध्यानात आली नाही. खरे सांगायचे, तर माझ्याही नाही.

प्राधिकरण स्वस्थ बसले होते, असे म्हणता येणार नाही. २०१२ च्या नियमांनी रिचार्जच्या व्हाउचरांना तांबडा, हिरवा, पिवळा असे पट्टे दिले. २०१८ साली सगळ्या कंपन्यांचे दर एका ठिकाणी पाहण्यासाठी संकेतस्थळ निघाले. २८ दिवसांच्या महिन्याबद्दल तक्रारी झाल्या, तेव्हा २०२२ साली हुकूम निघाला, की प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची ठेवावी आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक सांगितले: ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याची नि संदेशांची योजना हवीच. मावशीचा फोन बटणांचा. गेली कित्येक वर्षे ती रोजच्या दोन जीबीचे पैसे भरत होती. "म्हणजे काय रे ते?" असे तिने विचारले, तेव्हा मला सांगवेना.

सगळे जाहीर होते, पण एकाचे माप शेर आणि दुसऱ्याचे पायली. समजा, एक योजना २८ दिवसांची, २०० रुपयांची. दुसरी ८४ दिवसांची, ५०० रुपयांची. दुकानातला मुलगा म्हणणार, "आजी, दोनशेची स्वस्त." भागाकार केला, तर पहिली दिवसाला सात रुपये चौदा पैसे, दुसरी पाच रुपये पंचाण्णव. वर्षाला सव्वाचारशेहून अधिक फरक! शिवाय २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाचे महिने होतात तेरा. पगार आणि पेन्शन मात्र बाराच येतात. बेसनाच्या पुडक्यावर ग्रॅमचा भाव छापता येतो, तर रिचार्जच्या किमतीशेजारी दिवसाचा भाव छापायला कंपन्यांना कोणते सोवळे आड येते?

यंदा वसुबारसेला मी लालबागला गेलो आणि मावशीपाशी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. भागाकार तिनेच केले. माझा एक चुकला होता, तोही तिने काढला. नुसत्या बोलण्याची लांब मुदतीची योजना घेतली आणि संपण्याची तारीख कालनिर्णयावर तांबड्या पेन्सिलीने लिहिली. मग तिने मालवणला फोन लावला.

"आक्का, माझा फोन आता बंद पडायचा नाही हो. आणि दिवसाला किती पडतात, ठाऊक आहे?" तिने ऐटीत आकडा सांगितला. पलीकडून आक्काने विचारले, "आणि माझ्या फोनचे किती पडतात गं?"

मावशी गप्प. तिने फोनवर हात ठेवला, पाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "पूस ते. तिचा भागाकार करायचा राहिलाय."